बी.ई. नंतर एएमई लायसन्स: अर्ज अडतो तो अनुभवाच्या कागदावर

मेकॅनिकल किंवा एरोनॉटिकलची पदवी मिळाली, आता विमानाच्या कामावर सही करता येईल, असं बऱ्याच मुलांना वाटतं. तसं नाही. त्यासाठी डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, सीएआर-66 नियमाखालचं एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्स लागतं आणि त्याची मॉड्यूलं, म्हणजे विषयवार परीक्षा, पदवीधरालाही द्यावी लागतात. पासिंग 75 टक्क्यांना. विद्यापीठातल्या चाळिसाची सवय आधी मोडा.

वयाची अट 18 पूर्ण. अर्ज ऑनलाइन, त्यात अवघड काही नाही. फक्त नाव नीट बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. आपल्याकडे हे घरोघरी असतं. राजपत्रात नाव छापून आणायचं असेल तर परीक्षेची तारीख जाहीर होण्याची वाट बघू नका.

खरी गाठ अनुभवाची. लायसन्सच्या बी1.1 (टर्बाइन इंजिनाची विमानं, यांत्रिक काम) किंवा बी2 (एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक व विद्युत यंत्रणा) श्रेणीसाठी सीएआर-147 खाली, म्हणजे प्रशिक्षण संस्थांच्या नियमाखाली, मान्य संस्थेतला कोर्स केला असेल तर दोन वर्षं, संबंधित तांत्रिक प्रशिक्षण काहीच नसेल तर पाच. तोही सेवेत असलेल्या विमानांवरचा. कॉलेजच्या आवारात उभं केलेलं जुनं विमान, इंडस्ट्रियल व्हिजिट, डिझाइन ऑफिसातलं कॅडचं काम यांची बेरीज मांडून काही होत नाही. पदवीला वजन आहे ते सी श्रेणीत, म्हणजे हँगरमधल्या मोठ्या देखभालीनंतर विमान सेवेत सोडण्याची सही करणाऱ्यांच्या. तिथेही देखभालीच्या कामाची तीन वर्षं हवीतच, त्यातले सहा महिने बेस मेंटेनन्सचे, म्हणजे त्या हँगरमधल्या देखभालीचे.

हा अनुभव दिसतो लॉगबुकात. तारीख, ‘व्हीटी’ने सुरू होणारं विमानाचं नोंदणी चिन्ह, ‘एटीए 32, मुख्य चाक बदललं’ अशी नेमकी नोंद (एटीए 32 हा लँडिंग गिअरचा प्रकरण क्रमांक) आणि शेजारी देखरेख करणाऱ्या एएमईची सही. ही सही त्याच आठवड्यात घ्या, बाबांनो. दोन वर्षांनी तो माणूस आखातात गेलेला असतो, क्वालिटी मॅनेजर बदललेला असतो, आणि नव्या साहेबाला जुन्या कामाची खात्री कोण देणार? एचआरचं ‘आमच्याकडे ट्रेनी होता’ हे पत्र इथे उपयोगाचं नाही. ते चालत नाही हे अर्ज परत आल्यावरच कळावं, याचा मात्र राग येतो.

कोर्स निवडताना विद्यापीठाची मान्यता आणि डीजीसीएची मान्यता यांत गल्लत करू नका. डीजीसीएची मान्यता श्रेणीनिहाय असते: बी1.1 ची असलेल्या संस्थेकडे बी2 ची असेलच असं नाही. फी भरण्याआधी डीजीसीएच्या यादीत संस्थेचं नाव आणि श्रेणी दोन्ही तपासा, मान्यतापत्राची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या.