मंडळ आणि विद्यापीठ यांचा संयुक्त संशोधन प्रस्ताव: पात्रता, कागदपत्रे आणि कामाचा क्रम

कोळीवाड्यातल्या लग्नगीतांचा संग्रह, गिरणगावातल्या १९८२ च्या संपाच्या आठवणींवर उभे राहणारे नाटक, गोवंडीतल्या मुलांनी स्वतः काढलेला वस्तीचा नकाशा. अशी कामे मुंबईत विद्यापीठाचा विभाग आणि स्थानिक मंडळ मिळून करतात, आणि त्यातले बरेच प्रस्ताव कागदांवर अडतात. सर्वांत महत्त्वाचा कागद तर बहुतेक वेळा सर्वांत शेवटी होतो: काम कोणाच्या नावावर राहील आणि पैसे कोणाला किती मिळतील हे सांगणारा करार. ‘मंजुरी आली की करार करू’ असे विभागाने सांगितले तर मंडळाने थांबावे. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर त्यात नवे मानधन घालायला जागा उरत नाही.

अर्ज कोणाच्या नावाने जातो

सरकारी संशोधन निधीचा अर्ज साधारणपणे अध्यापक करतो आणि पैसे त्याच्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्यात येतात. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे प्रकल्पही असेच चालतात. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातच आहे. म्हणून मंडळाने आधी विभाग गाठावा. लोकगीते, तमाशा, भारूड अशा विषयांसाठी विद्यापीठाची लोककला अकादमी, वस्तीपातळीवरच्या विस्तारकार्यासाठी आजीवन अध्ययन व विस्तार विभाग, कामगार किंवा पुनर्वसनाच्या प्रश्नांसाठी देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, ही काही ठिकाणे.

पदवीच्या विद्यार्थ्यांना सामाजिक सहभागाचे श्रेयांक (क्रेडिट) मिळतात म्हणून त्यांच्या भरवशावर प्रकल्प आखू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात प्रत्यक्ष क्षेत्रकामाचा १ श्रेयांक म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात ३० तास. सत्र संपले की मुले जातात, आणि ध्वनिमुद्रणे त्यांच्या मोबाइलमध्येच राहतात. ती दर आठवड्याला विभागाच्या संगणकावर उतरवून घेण्याची जबाबदारी एका अध्यापकाच्या नावाने लिहून ठेवा.

मंडळाची पात्रता

नोंदणीकृत मंडळाकडे बहुधा दोन प्रमाणपत्रे असतात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचे आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचे. दोन्हींच्या प्रती, घटना, पॅन कार्ड, शेवटच्या ३ वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, रद्द केलेला धनादेश आणि सरकारी अनुदान असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, एवढी फाइल तयार ठेवावी.

खरी अडचण परिशिष्ट १ च्या उताऱ्यात, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीतल्या विश्वस्तांच्या नावांच्या उताऱ्यात, निघते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. कित्येक मंडळांत निवडणुका होतात पण हा अर्ज राहून जातो किंवा वर्षानुवर्षे प्रलंबित असतो. मग करारावर सही करणारे अध्यक्ष उताऱ्यावर दिसतच नाहीत, आणि विद्यापीठाचा लेखा विभाग फाइल परत पाठवतो. वरळीच्या कार्यालयातून ताजा उतारा आधीच काढा. बदल अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच आणि सुनावणीची तारीख जोडा. शक्य असल्यास उताऱ्यावर नाव असलेल्या विश्वस्ताचीही सही घ्या.

कार्यकारिणीचा ठरावही लागतो. त्यात प्रकल्पाचे नाव, सही करणाऱ्याचे नाव आणि पैसे येणारे खाते स्पष्ट हवे. ‘पुढील कार्यवाहीचे अधिकार अध्यक्षांना’ एवढ्या एका ओळीवर लेखा विभाग हमखास शंका काढतो.

बचत गट किंवा भजनी मंडळ नोंदणीकृत नसेल तर संस्था म्हणून करार करण्याचा आग्रह सोडा. त्यातल्या व्यक्तींशी वेगवेगळे करार करा आणि मानधन थेट त्यांच्या खात्यात जमा करा. नोंदणीकृत शेजारी संस्थेच्या नावावर पैसे घेऊन पुढे वाटण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण हिशेबात अडकतो. निधी परदेशी असेल तर तो मार्ग बंदच आहे: परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करू शकत नाही.

करारात काय लिहायचे

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकावर होणारे बरेच दस्त ५०० रुपयांवर गेले आहेत. जुना १०० रुपयांचा नमुना कोणी पुढे केला तर तो वापरू नका.

मालकीचे कलम मात्र सावकाश, दोन्ही बाजूंनी एकत्र बसून लिहावे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे छायाचित्राचा कर्ता ते टिपणारा असतो, आणि ध्वनिमुद्रणाचा किंवा चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. करारात वेगळे काही नसेल तर आजीने गायलेल्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाची मालकी यंत्र आणि पैसे आणणाऱ्या विद्यापीठाकडे जाते. गाणाऱ्या व्यक्तीला कायद्याच्या कलम ३८ मुळे सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. करारात या हक्काचा उल्लेख नावानिशी करावा. नाटकाची संहिता किंवा पुस्तिका सर्वांनी मिळून लिहिली आणि कोणाचे योगदान वेगळे काढता येत नसेल तर ती संयुक्त कर्तृत्वाची कृती ठरते. मग मुखपृष्ठावर सर्वांची नावे हवीत, ऋणनिर्देशात नव्हे.

हक्क हस्तांतरित करत असाल तर मुदत आणि प्रदेश आकड्यांत व शब्दांत लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारत. आमचे स्पष्ट मत असे की वस्तीतल्या लोकांनी हस्तांतर करूच नये, वापराचा परवाना द्यावा: विद्यापीठाला अध्यापन आणि संशोधनासाठी वापर, व्यावसायिक वापरासाठी पुन्हा लेखी परवानगी. मूळ ध्वनिमुद्रणाची एक पूर्ण प्रत मंडळाकडे राहील हेही कलम असू द्या, आणि ती संपीडित न केलेल्या वेव्ह स्वरूपात मागा.

एथिक्स कमिटी आणि संमतिपत्र

प्रकल्पाचा आरोग्याशी संबंध असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. मौखिक इतिहास किंवा नाट्यप्रकल्प असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीचे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचे, नियम पाहावेत. तरीही संमतीसाठी याच तत्त्वांचा कित्ता गिरवणे हिताचे. त्यांप्रमाणे समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि एक सदस्य सामान्य नागरिक असतो. तुमचे मराठी माहितीपत्रक हा सदस्य बारकाईने वाचतो. इंग्रजी मसुद्याचे यांत्रिक भाषांतर त्याच्या हातात पडले की अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. समितीसाठी किमान २ ते ३ महिने हाताशी ठेवा.

मंजुरी मागील तारखेने मिळत नाही. सर्जनशील प्रकल्पात इथेच घोटाळा होतो: ओळख व्हावी म्हणून आधी कार्यशाळा घेतली जाते, तिथे उत्तम कथा निघतात, कोणीतरी त्या ध्वनिमुद्रित करते, आणि मंजुरीपूर्वीचे म्हणून ते साहित्य संशोधनात वापरता येत नाही. मंजुरीआधी भेटा, चहा घ्या, विषय एकत्र ठरवा. ध्वनिमुद्रण करू नका.

छापील संमतिपत्रात ‘आपले नाव गुप्त ठेवले जाईल’ हे वाक्य ठरलेले असते. पोवाडा रचणाऱ्या शाहिराला नेमके ते नको असते. म्हणून एका सहीत सर्व न उरकता वेगवेगळ्या चौकटी ठेवा: ध्वनिमुद्रणाला संमती, नाव द्यायचे की नाही, चेहरा दाखवायचा की नाही, संग्रहात ठेवायचे का, इंटरनेटवर टाकायचे का, प्रयोगात वापरायचे का. कोणत्या तारखेपर्यंत माघार घेता येईल हेही लिहा, कारण पुस्तक छापायला गेल्यावर माघारीला अर्थ राहत नाही.

लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी अंगठ्यासोबत वाचता येणारा निःपक्ष साक्षीदार लागतो. माहिती वाचून दाखवताना तो शेवटपर्यंत हजर हवा आणि संशोधन चमूतला नको. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवीच, शिवाय ७ ते १२ वयात मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ मध्ये लेखी होकार. आधार कार्डाची झेरॉक्स संमतिपत्राला जोडण्याची सवय सोडा. तिची गरज नाही आणि ती सांभाळण्याची जोखीम तुमच्यावर येते.

अंदाजपत्रक आणि वेळापत्रक

एक तासाचे स्पष्ट ध्वनिमुद्रण लिहून काढायला ४ ते ६ तास लागतात. आगरी, कोळी किंवा वारली बोलीला याहून जास्त. हे काम बोली जाणणाऱ्या वस्तीतल्याच व्यक्तीला द्या आणि त्याचा दर वेगळ्या शीर्षाखाली दाखवा. ‘इतर खर्च’ या शीर्षाखाली टाकलेले मानधन कपातीत पहिले जाते. सहभागींचा बुडालेला रोज, प्रवास आणि जेवणही याच टप्प्यावर धरा.

कोळीवाड्यात काम असेल तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात पुरुष किनाऱ्यावर असतात. मासळी विकणाऱ्या बायकांना सकाळची वेळ कधीच देऊ नका.

परवानग्या कमी लागतात, पण वेळेत लागतात. महापालिकेच्या शाळेत काम करायला मुख्याध्यापकांचा तोंडी होकार पुरत नाही, शिक्षण विभागाचे पत्र हवे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांसाठी वन विभागाकडे जावे लागते. निष्पत्ती नाटक असेल तर जाहीर प्रयोगाआधी संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे) पाठवावी लागते. सामूहिक नाटकाची संहिता तालमीत बदलत राहते, तेव्हा ती पक्की करण्याची तारीख आधीच ठरवा.

केंद्रीय अनुदानाच्या शेवटी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, नमुना १२-अ मध्ये द्यावे लागते. मंडळाने आपली बिले आणि मानधनाच्या पावत्या दर तिमाहीला विभागाकडे द्याव्यात आणि प्रत्येक वेळी पोच घ्यावी. मुदतवाढ हवी असेल तर विनंती मुदत संपण्यापूर्वी जायला हवी. त्यानंतरच्या खर्चाचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि शेवटच्या टप्प्यात तो खर्च बहुतेक छपाईचा आणि वस्तीतल्या प्रयोगाचाच असतो.