सोनकी ओळखायची तर फूल उलटं करा

भाद्रपदात सिंहगडाच्या वाटेला लागलं की उतार पिवळेधमक दिसतात आणि बरोबरचं कुणीतरी म्हणतंच, "काय सोनकी फुललीये!" पण आतकरवाडीपासून वर जाताना त्या पिवळ्यात कारळाही असू शकतो, आणि पिवळा कॉसमॉसही. तिघंही सूर्यफूल कुलातले, त्यामुळे चेहरेपट्टी सारखीच. जगभरात या कुलाच्या २५,००० च्या आसपास जाती आहेत, तेव्हा लांबून गफलत होणारच.

मुळात या कुलातलं 'फूल' हे एक फूल नसतंच. दसऱ्याचं तोरण वाळलं की झेंडूची एक पाकळी उपटून बघा. तिच्या बुडाशी बारीक काळी काडी असते. ती त्या पाकळीची स्वतःची बी. म्हणजे जिला आपण पाकळी म्हणतो, ते एक आख्खं फूल आहे, आणि अशा कितीतरी फुलांचा तो गुच्छ. शास्त्रात याला स्तबक म्हणतात. कडेची चपटी ती किरण-पुष्पकं, मधली नळीसारखी ती बिंब-पुष्पकं. पाकळ्या मोजून जात ठरवू नये, असं मी सगळ्यांना सांगते. त्या कमीजास्त होतात. खरी खूण फुलाच्या पाठीला असते.

सोनकीचं फूल अलगद उलटं करा. खाली हिरव्या, अरुंद छदांची, म्हणजे स्तबकाला बाहेरून वेढणाऱ्या पानासारख्या पट्ट्यांची, एकच ओळ दिसते. सगळी छदं जवळजवळ सारख्या उंचीची, पिंपाच्या फळ्यांसारखी एकमेकींना खेटून उभी. बुडाशी चार-दोन बारीक छदं असतात, तेवढीच. पानं एकाआड एक. बी पिकली की तिला पांढरे मऊ केस येतात आणि ती वाऱ्यावर निघते. सोनकीच्या प्रजातीचं नाव सेनेसिओ, ते लॅटिनमधल्या 'म्हातारा' या शब्दावरून आलं, या केसांमुळेच. आपली पोरंही रुईच्या उडत्या बीला म्हातारीच म्हणतात. दोन भाषांना एकच गोष्ट सुचावी, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

कारळ्याच्या पाठीला पाच रुंद, पानासारखी हिरवी छदं असतात. पानं समोरासमोर, देठाशिवाय खोडाला बिलगलेली. बी काळी, चकचकीत, तिला केस नाहीत. चटणीतला कारळा तो हाच, आणि तो मूळचा इथिओपियाचा.

कॉसमॉस तर पानावरूनच कळतो. पानं समोरासमोर, पण चिरून चिरून बारीक झालेली. फुलात केशरी झाक. पाठीला छदांच्या दोन ओळी, बाहेरची अरुंद आणि हिरवी, आतली पातळ पापुद्र्यासारखी. बी लांब, चोच असलेली. तिच्या टोकाला बहुधा उलट्या काट्यांचे दोन कुसळ, पँटला चिकटतात ते. हा मेक्सिकोकडचा, बागेतून सुटून आपल्या टेकड्यांवर पसरलेला. त्याला सोनकी समजून लोक कौतुकानं बी गोळा करतात आणि आणखी टेकड्यांवर टाकतात, ते बघून जीव तुटतो. गाजरगवतही याच कुलातलं, आणि भारतात त्याचा फैलाव लक्षात आला तो पुण्यातच, १९५५ साली.

पाथरी मात्र चटकन ओळखू येते. तिच्यात बिंब नाहीच, सगळी पुष्पकं चपटी, आणि पान तोडलं की दुधासारखा चीक येतो.

पांढऱ्या फुलांत एकदांडी आणि माका यांची अदलाबदल नेहमीची. तेलासाठी माका म्हणून एकदांडी खुडणारी माणसं मी वेताळ टेकडीवर पाहिली आहेत. एकदांडीचा देठ लांब, टोकाला एकच स्तबक, कडेची पुष्पकं मोजकी, रुंद, टोकाला तीन दात. माक्याची बारीक दोऱ्यांसारखी आणि भरपूर. तरीही शंका राहिली तर पान तळहातावर चुरडा. माक्याचा रस थोड्या वेळात काळा पडतो.