जिथे काहीच केलं नाही, ते गाव

एखाद्या गावात रेडिओवरून शेतीचे कार्यक्रम ऐकवले आणि अडीच महिन्यांनी लोकांना त्यातलं जास्त कळू लागलं, तर श्रेय रेडिओचं? घाई नको. मधल्या काळात ग्रामसेवक येऊन गेला असेल. शिवाय कार्यक्रमांआधी माहिती तपासायला घेतलेल्या मुलाखतीत जे सांगता आलं नाही, ते माणूस संध्याकाळी पारावर कुणाला तरी विचारतोच!

विकास संज्ञापन, म्हणजे विकासाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्याचं शास्त्र, शिकणाऱ्यांना हा पेच समजावून सांगायचा तर लांब जायला नको. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांत सुमारे 150 गावांमध्ये श्रोता मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा वीसेक गावकरी अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. अडलेले प्रश्न पुण्याला पाठवले जात आणि त्यांची उत्तरं पुढे रेडिओवरूनच मिळत. असे 20 कार्यक्रम झाले. कल्पना मूळची कॅनडाची.

मोजमाप केलं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने. सूत्रं होती पॉल न्यूराथ यांच्याकडे. नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत गेलेले हे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी मंडळांच्या गावांबरोबरच रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि दोन्ही नाहीत अशीही गावं अभ्यासाला घेतली. सगळीकडे कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर मुलाखती झाल्या. ग्रामसेवकाचा किंवा दुसऱ्यांदा तेच प्रश्न ऐकण्याचा परिणाम असेल, तर तो मंडळ नसलेल्या गावांतही दिसायला हवा. तेवढा वजा केला की उरेल ते मंडळाचं.

मंडळांच्या गावांत माहिती भरघोस वाढली; बाकीच्या गावांत वाढ नगण्य. म्हणजे नुसता रेडिओ गावात असून फारसं काही घडलं नव्हतं. 1959 मध्ये ही मंडळं देशभर नेण्याचं ठरलं.

मला मात्र या आखणीत एक फट दिसते. मंडळांच्या गावांना प्रकल्पाचे संघटक भेटी देत, विचारपूस करत. आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे म्हटल्यावर माणसं जरा जास्तच मन लावून ऐकतात. मग वाढ चर्चेमुळे झाली की या आस्थेमुळे? ते वेगळं काढायला आणखी एका प्रकारचं गाव लागलं असतं: जिथे रेडिओ आहे, संघटकही येऊन बसतो, पण मंडळ नाही.