पुसलेल्या टेपा, राखलेले आवाज

ऐंशीच्या दशकात सोलापुरात ज्याच्या घरी व्हीसीआर, त्याच्या घरी अख्खी गल्ली. कोरी कॅसेट मात्र महाग. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी अमेरिकी अंतराळ मालिका ‘स्टार ट्रेक’ आमच्याकडे ज्या कॅसेटवर उतरवली होती, तिच्यावरच पुढे मावशीचं लग्न चढलं. वाईट फक्त मला वाटलं.

हीच काटकसर लंडनमध्ये बीबीसीने फार मोठ्या प्रमाणावर केली. तिची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. व्हिडिओटेप महाग आणि पुन्हा वापरता येणारी. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे मालिका किती वेळा दाखवायची यावर बंधनं. त्यात रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल भाग विचारणार कोण? घरी कॅसेट विकत घेऊन लोक मालिका बघतील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. टेपा पुसल्या गेल्या, फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या. हे १९७८च्या सुमारास थांबलं. नव्वदहून अधिक भागांचं चित्र आजही हरवलेलं आहे.

आवाज मात्र एकाही भागाचा गेला नाही. काही पोरं टीव्हीच्या स्पीकरपुढे मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डरवर भाग उतरवून घेत. मागे आई जेवायला हाका मारतेय, तरी बटण दाबलेलंच असणार! आज हरवलेल्या भागांना ॲनिमेशनची जोड दिली जाते, ती याच आवाजांवर.

बरीचशी चित्रं सापडली ती परदेशात. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या १६ मिमी फिल्मच्या प्रती एका देशाकडून दुसऱ्याकडे जात, आपल्याकडे जत्रेतल्या तंबू टॉकीजची रिळं गावोगाव फिरत तशा. शेवटच्या मुक्कामी काही पडून राहिल्या. हाँगकाँगहून १९९२मध्ये चार भागांची एक अख्खी कथा परतली. नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्रातून २०१३मध्ये नऊ हरवलेले भाग.

अमेरिकेत प्रश्न वेगळा होता. तिथे ‘स्टार ट्रेक’ बंद पडू नये म्हणून प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १ मार्च १९६८ला वाहिनीने मालिका चालू राहणार असल्याचं पडद्यावरूनच जाहीर केलं. आदल्याच वर्षी, मालिकेतल्या स्पॉक या पात्राच्या नावावरून, ‘स्पॉकनालिया’ हे चाहत्यांचं अंक-पत्र निघालं होतं. चालवणाऱ्या बायका, छपाई हातयंत्रावरची, गिरणी कामगारांची पत्रकं निघत त्याच जातीची. असले अंक आता आयोवा विद्यापीठासारख्या ठिकाणी जपले जातात, आणि २००८पासून ‘फॅनलोअर’ या विकी संकेतस्थळावर चाहते स्वतःच आपला इतिहास लिहीत आहेत. मला मालिकांपेक्षा त्याच नोंदी जास्त खेचतात. कोण कुणाशी का भांडलं, हेही त्यात असतं.

आपल्याकडे ‘इंद्रधनुष’ (१९८९) आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ या विज्ञानकथा मालिका आल्या. त्याआधीची एक गंमत मात्र कुठल्याही विज्ञानकथेला लाजवेल. १९७५-७६मध्ये ‘साइट’ या उपग्रहावरून शिक्षण देण्याच्या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम थेट उतरत होते. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण विजापूर आणि गुलबर्गा होते. आमच्या सोलापूरच्या विजापूर वेशीतून निघालेला रस्ता जिथे जातो तिथल्या खेड्यात अंतराळातून चित्र येत होतं.

मावशीच्या लग्नाची कॅसेट अजून माळ्यावर आहे. मागे एकदा मशीन मिळालं तेव्हा लावून बघितली. पंगती उठतात, वरात निघते, पडद्यावर मुंग्या येतात, आणि मग चार-पाच मिनिटं स्पॉक बोलतो.