अभिप्रायाची चिठ्ठी लिहिताना: रहस्यकथा, गुन्हेगारी व अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या वाचकांसाठी

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयातील या तिन्ही प्रकारच्या कादंबऱ्यांत मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस एक कागदी पाकीट चिकटवलेले असते आणि त्यात आधीच्या वाचकांच्या चिठ्ठ्या असतात, हे सभासदांना ठाऊकच आहे. परभणीतील सभासद निवांत पुस्तके चाळू शकतात. परंतु सेलू, पूर्णा, गंगाखेड येथून रेल्वेने येणाऱ्यांना परतीची गाडी सांभाळून पुस्तके निवडावी लागतात, आणि त्यांची निवड बहुधा या चिठ्ठ्यांवरच ठरते. अशा वेळी "मी लिहिलेली चिठ्ठी पाकिटात का नाही?" असे अनेकजण विचारतात, म्हणून हा खुलासा.

चिठ्ठी बाजूला काढण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, ते म्हणजे तिच्यातून रहस्य फुटते. खुन्याचे नाव सरळ लिहून टाकणारे वाचक फार थोडे आहेत. बहुतेकांकडून ते कौतुकाच्या भरात घडते. "शेवटच्या प्रकरणापर्यंत डॉक्टरांवर यत्किंचितही संशय येत नाही" असे लिहिणाऱ्याला लेखकाचे कसबच सांगायचे असते, पण पुढच्या वाचकाला पहिल्याच प्रकरणात डॉक्टर दिसले की उरलेली दोनशे पाने वाचण्यात काही राम राहत नाही. "शेवटी जबरदस्त कलाटणी आहे" हे वाक्यही निरुपद्रवी नाही, कारण ते वाचलेला माणूस समोर येणाऱ्या प्रत्येक सरळ उत्तरावर अविश्वास दाखवू लागतो आणि लेखकाने रचलेला चकवा वाया जातो. असे पुस्तक न वाचताच परत येते आणि आम्ही ते विनाशुल्क बदलून देतो. म्हणून प्रत्येक चिठ्ठी आधी वाचून मगच पाकिटात ठेवली जाते व त्यास दोन-तीन दिवस लागतात. काहींना हा काटेकोरपणा जाचक वाटतो. लंडनमध्ये 1952 साली रंगभूमीवर आलेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना खुनी कोण हे बाहेर न सांगण्याची विनंती करण्याची प्रथा आहे. आमचे मागणेही याहून अधिक नाही.

मग लिहावे काय? रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा आणि तपास करणाऱ्याच्या हाती आलेला धागा वाचकापासून दडवू नये, असे त्यांतील दोन नियम सांगतात. लेखकाने सर्व धागे आपल्यासमोर ठेवले होते की ऐनवेळी नवीच माहिती पुढे आणली, याविषयी आपण मोकळेपणाने लिहावे. त्यातून पुस्तकाची प्रत कळते आणि गुपितही सुरक्षित राहते. कथानक सांगायचेच असेल तर पहिल्या पाव भागापलीकडे जाऊ नये.

गुन्हेगारी कादंबरीत गुन्हा कोणी केला हे अनेकदा आरंभीच उघड असते, त्यामुळे तेथे नाव लिहिण्यास हरकत नाही. तो पकडला जातो की सुटतो, एवढे मात्र राखून ठेवावे.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांत घोटाळा होतो तो खंडांचा. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली, तरी कथा एकच आणि सलग आहे. अशा मालिकेच्या तिसऱ्या खंडावरील चिठ्ठी पहिल्या खंडाच्या पाकिटात गेली, तर कोण जिवंत राहिले हे नव्या वाचकाला प्रवास सुरू होण्याआधीच कळते. म्हणून चिठ्ठीवर खंडाचा क्रमांक ठळक लिहावा. असे संच आम्ही एकत्र बांधून ठेवतो आणि पूर्ण संच नेणाऱ्यास वाचनासाठी जादा मुदत देतो.

पुस्तकाच्या पानांवर मात्र काहीही लिहू नये, नावांखाली रेघाही ओढू नयेत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांच्या जुन्या प्रती आता शोधूनही सहज मिळत नाहीत, आणि त्या पातळ, पिवळ्या कागदावर बॉलपेनने केलेली खूण मागच्या पानावर उमटते. अशी प्रत बदलून आणणे शक्य नसल्यामुळेच आम्ही अनामत रकमेतून भरपाई घेतो.

प्रतिकूल मत आम्ही कधीही काढत नाही, मग ते पुस्तक आमच्याकडे विक्रीस असले तरीही. "भाषांतर कृत्रिम आहे", "मधली शंभर पाने रेंगाळतात" अशा चिठ्ठ्या पाहूनच आम्ही पुढची खरेदी ठरवतो.

शेवटाविषयी बोलल्याशिवाय ज्यांना राहवत नाही, त्यांच्यासाठी टेबलावर लाल पाकिटे ठेवली आहेत. त्यांत मनसोक्त लिहावे, पाकीट बंद करावे व वर पुस्तकाचे नाव घालावे. ज्या सभासदाच्या कार्डावर ते पुस्तक परत आल्याची नोंद असेल, त्यालाच ते उघडण्यास दिले जाते. कोऱ्या चिठ्ठ्या व लाल पाकिटे विनामूल्य मिळतात.