पडवीला पत्रे मारण्यापूर्वी

आमच्याकडून लहान घर बांधून घेतलेल्या ग्राहकांचे फोन बहुधा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतात. भिंतीला ओल आली, ब्लॉकच्या कडा झडू लागल्या, आत कुबट वास येतो, भरदुपारी दिवा लावावा लागतो, अशा तक्रारी असतात आणि त्या खऱ्याही असतात. मात्र प्रत्यक्ष जाऊन पाहावे तर बहुतेक घरांत एकच प्रकार आढळतो: आम्ही उघडी ठेवलेली पडवी कंबरेइतकी विटांची भिंत घालून आणि वर पत्रे मारून बंद केलेली असते. एका टोकाला पाटण आणि दुसऱ्या टोकाला जत अशा खेपा ऐन पावसात घालून तीच गोष्ट प्रत्येक दारात समजावून सांगण्यापेक्षा ती एकदा नीट लिहून द्यावी, असे आम्हाला वाटले.

आमच्या मूळ नकाशातील घर १५ फूट बाय १८ फुटांचे, म्हणजे २७० चौरस फुटांचे असते. शासनाच्या ग्रामीण घरकुल योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलेले आहे आणि हे माप त्याच्याशी जुळते, त्यामुळे अनुदानावर बांधणाऱ्या कुटुंबालाही हाच नकाशा वापरता येतो. लांब बाजूला ५ फूट रुंदीची पडवी असते. तिचे ९० चौरस फूट म्हणजे आतल्या जागेच्या बरोबर एक तृतीयांश. ही जागा ‘वाया गेली’ असे ज्यांना वाटते त्यांनी तिचे काम काय आहे ते पाहावे.

भिंतीचे ब्लॉक आम्ही मुरमाड तांबड्या मातीत वजनाच्या ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून तयार करतो. ते भट्टीत भाजत नाहीत, त्यामुळे जळणही लागत नाही आणि भट्टीपासूनची वाहतूकही वाचते. असा ब्लॉक कोरडा असताना दणकट असतो. पाणी पिऊन राहिला की त्याची ताकद बरीच उतरते. अधूनमधून भिजून वाऱ्याने वाळणाऱ्या भिंतीला काही होत नाही, पण भिजून तशीच राहणारी भिंत खराब होते. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पडवी आम्ही शक्यतो पश्चिमेला किंवा दक्षिणेला घेतो. ती भिंतीवर झड येऊ देत नाही, पागोळ्यांचे शिंतोडे पायथ्यापासून दूर ठेवते, उन्हाळ्यात दुपारचे ऊन अडवते आणि यातले काहीही करताना वारा अडवत नाही.

पत्रे मारले की हे सगळे उलटते. पत्र्याच्या आतल्या बाजूला रात्री दव धरते आणि भिंतीच्या पायाशी ठिबकते. बाहेरून भिंत दिसत नाही, त्यामुळे ओल कमरेपर्यंत चढेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. खिडक्या बंद खोलीत उघडतात, चुलीचा धूर फिरून पुन्हा आत येतो. पडवीच्या दोन बाजूंना पत्रे मारून तिसरी बाजू ये-जा करायला मोकळी ठेवलेली असेल, तर वळवाच्या वादळात वारा तिथून आत घुसतो आणि छप्पर खालून उचलतो. कवठे महांकाळकडे एका घराच्या छपराच्या पत्र्यांची पाने अशीच बांधापर्यंत गेली होती.

कंबरेइतक्या भिंतीबद्दल वेगळे सांगावे लागते. पडवीच्या खांबांचे पाये फक्त छपराचे वजन पेलण्याइतके असतात. त्यांच्यामध्ये नंतर रचलेली भिंत ना पायात बसलेली असते, ना घराच्या भिंती एकत्र बांधून ठेवणाऱ्या, जोत्याच्या आणि खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यांना बांधलेली असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात काय कोसळले, हे पाटण तालुक्यात नव्याने सांगायला नको. जमीन हलते तेव्हा घराला न बांधलेली भिंत आधी पडते, आणि पडवीतली भिंत पडते ती नेमकी बाहेर पळायच्या वाटेवर.

पडवी बंद का केली जाते, हेही आम्हाला माहीत आहे: सामान मावत नाही. म्हणून नकाशा काढण्यापूर्वी आम्ही घरातील वस्तूंची लेखी यादी मागतो. ‘घर बांधायला आलोय, ट्रंका मोजायला नाही,’ असे एका ग्राहकाने सुनावले होते, आणि चौदा महिन्यांनी त्याच ट्रंकांसाठी त्यांनी पडवीला पत्रे मारले. यादीत कपाट आणि पलंग सगळेच लिहितात. राहून जातात ती कणगी, गोधड्यांची चळत, फवारणीचा पंप, लाकूडफाटा, शेण्या, देव्हारा, पाहुण्यांच्या गाद्या आणि पावसात आत घ्यावी लागणारी शेळी.

विस्थापित कुटुंबांच्या बाबतीत ही यादी आम्ही दोन वर्षे पुढचा विचार करून भरून घेतो. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी आल्या, तेव्हा माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली होती. अशा वेळी यादी करायला बसले तर पानभरही होत नाही, आणि त्या यादीवर काढलेला नकाशा पहिल्या सुगीलाच अपुरा पडतो, कारण धान्य घरात येते, भांडी येतात, मुलीच्या लग्नाचे सामान साठू लागते. साधे राहण्यासाठी शहरातून गावाकडे येणाऱ्यांचे नेमके उलटे असते. ते सोडून द्यायच्या वस्तूंची यादी आणतात आणि त्यांतल्या निम्म्या टेम्पोतून मागोमाग येतात. ‘फ्रीज नको’ असे ठामपणे लिहून देणाऱ्यांसाठीही आम्ही फ्रीजची जागा आणि प्लग आता न विचारता ठेवतो.

चौरस फुटाचा दर मोठ्या बंगल्यापेक्षा जास्त का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. संडास, न्हाणीघर, ओटा, वीजजोडणी आणि मुख्य दार हा खर्च २७० चौरस फुटांच्या घराला जवळजवळ तेवढाच येतो जेवढा ६०० चौरस फुटांच्या घराला. तो कमी फुटांवर वाटला गेला की दर चढा दिसतो. तुलना एकूण रकमेची करावी. पडवीचा दर आम्ही आतल्या जागेच्या निम्मा लावतो.

पडवीला आडोसा हवाच असेल तर त्याची सोय आहे. महाबळेश्वराकडे पावसाळ्यापुरते गवताचे कूड बांधून पावसानंतर ते काढून टाकण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्यातले शहाणपण असे की आडोसा हंगामापुरता असतो. त्याच धर्तीवर आम्ही बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवलेल्या बांबूच्या तट्ट्या करून देतो. त्या खांबांच्या बाहेरच्या बाजूला आकड्यांवर लटकतात, खाली वीतभर फट राहते, आणि दोन माणसे अर्ध्या तासात त्या उतरवतात. कायमची बंद जागा हवी असेल तर पडवीच्या एका टोकाला ५ बाय ६ फुटांची कोठी घ्यावी. मात्र ती पाया खणतानाच सांगावी, म्हणजे तिची भिंत घराच्या पट्ट्यांत बांधली जाईल. नंतर तीच कोठी जोडायची तर खर्च सुमारे दुप्पट होतो आणि सांधा कायम नाजूक राहतो.

जत, आटपाडी, माण या कमी पावसाच्या भागातील ग्राहकांनी पन्हळीचाही विचार करावा. चौरस मीटर छपरावर मिलिमीटरभर पाऊस पडला की लिटरभर पाणी मिळते. घर आणि पडवी मिळून सुमारे ३३ चौरस मीटर छप्पर होते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पहिल्या सरी व नासधूस वजा केली, तरी १३ हजार लिटर पाणी टाकीत येऊ शकते. पत्रे ठोकताना पडवीच्या कडेची पन्हळ सर्वांत आधी काढली जाते आणि हे पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरते.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीवर, पूररेषेच्या आत, मातीच्या ब्लॉकचे घर आम्ही बांधून देत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथे लोखंडी सांगाड्यावर उचललेले घर योग्य ठरते, आणि त्याचे माहितीपत्रक वेगळे आहे.

ज्यांनी आधीच पडवी बंद केली आहे त्यांनी निदान खालची हातभर उंचीची पाने आणि वरची वीतभर पट्टी काढून वारा खेळता करावा, आणि भिंत पूर्ण वाळल्याशिवाय तिच्यावर सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आतच कोंडली जाते. आम्ही दिवाळीनंतर येऊन भिंत विनाशुल्क तपासून देतो. नवीन घर हवे असणाऱ्यांनी मात्र यादी घेऊन दसऱ्याच्या सुमारासच यावे, कारण ब्लॉक मुरायलाच चार आठवडे लागतात आणि मृगाच्या आत छप्पर चढवायचे तर पाया डिसेंबरमध्ये पडायला हवा.