कुंडीला खत कुठलं: सेंद्रिय की रासायनिक?

आमच्या दुकानात गांडूळखताच्या पिशव्या आणि १९:१९:१९ या पाण्यात विरघळणाऱ्या रासायनिक खताची (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) पाकिटं एकाच फळीवर असतात. तिथे उभं राहून बरेच जण विचारतात, "यातलं चांगलं कुठलं?" गर्दीच्या वेळी धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

मुळांना सेंद्रिय-रासायनिक कळत नाही. नत्र शेणातून आलेलं असो नाहीतर ट्रॉम्ब्याच्या कारखान्यातल्या युरियातून, मूळ ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम याच रूपात शोषतं. फरक आहे तो वेळेचा. गांडूळखतातलं नत्र आधी मातीतल्या जिवाणूंनी मोकळं करावं लागतं, त्यात आठवडे-महिने जातात. विरघळणारी पावडर त्याच दिवशी मुळापाशी पोचते. शिवाय शेणखत, गांडूळखत माती भुसभुशीत ठेवतं, ओल धरतं. हे काम पावडरीला जमत नाही.

आता जोर बघा. शंभर ग्रॅम १९:१९:१९मध्ये १९ ग्रॅम नत्र, युरियात ४६, चांगल्या गांडूळखतात साधारण दीड, शेणखतात जेमतेम अर्धा. म्हणजे चहाच्या एका चमच्यात, साधारण ५ ग्रॅम पावडरीत जेवढं नत्र, तेवढ्यासाठी शेणखत जवळजवळ २०० ग्रॅम लागतं. मुरलेलं शेणखत मूठभर जास्त पडलं तरी झाड सांभाळून घेतं. पावडर चमचाभर जास्त पडली तर नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक काकू मिरचीचं रोप कुंडीसकट रिक्षात घालून घेऊन आल्या. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, कुंडीच्या काठाला मिठासारखा पांढरा थर. "मी तर रोज खत घालते हो!" रोज एक चमचा, आणि सोसायटीत टँकरचं पाणी. तेच सगळं भोवलं. टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं, आधीच क्षारांचं. त्यात खताचे क्षार साठले की कुंडीत ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. आम्ही कुंडी मोरीत ठेवली आणि नळाचं पाणी तीनदा भरभरून घातलं, दर वेळी खालून पूर्ण निथळू दिलं. जळलेली पानं काही सुधारली नाहीत, पण तीन आठवड्यांनी शेंड्याला हिरवी फूट आली. तानसा-भातसा धरणांतून येणारं नळाचं पाणी बोअरच्या मानाने पुष्कळ मृदू असतं; टँकरवर असाल तर पावडर हात राखूनच वापरा.

पावसाळ्याचं गणित वेगळं. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ग्रिलबाहेरच्या कुंडीत तेव्हा पावडर घातली तर नायट्रेट पहिल्याच मोठ्या सरीत खालच्या मजल्यावर. पण ओल्या दिवसांत सेंद्रिय खताचा जाड थर दिला तर चिलटं होतात, आणि हाडांच्या चुऱ्याच्या वासाने उंदीर-घुशी माती उकरतात. तळमजल्यावर किंवा चाळीत राहणाऱ्यांना तो आम्ही देतच नाही.

सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत फुकट मिळतं, जरूर घ्या. फक्त ते मुरलंय का बघा. ओलसर खत मूठभर पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसासारखा वास आला तर चांगलं. नाकात झोंबलं तर कच्चं, आणखी महिनाभर राहू द्या.

आमचं मत विचाराल तर तुळस, कढीपत्ता, मोगरा यांना महिन्यातून दोन मुठी गांडूळखत पुरे. १२ इंची कुंडी धरून हे सांगतोय. मिरची-टोमॅटो फुलावर आले की त्यांची भूक वाढते. तेव्हा लिटरभर पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमचा पावडर, पंधरा दिवसांतून एकदा, माती ओली असताना. रोप नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असेल तर पावडरीवाचून चालत नाही, कारण कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं आणि जिवाणूही कमी.

झाड आजारी दिसत असेल तर आधी खत विकत घेऊ नका. एक पान आणि कुंडीच्या काठाचा फोटो घेऊन या, आणि पाणी नळाचं की टँकरचं तेवढं सांगा.